कमरेतले स्क्रू उन्हात तापतात म्हणे!

‘मणक्यात स्क्रू बसवू नका. उन्हात तापतात, आत गंजतात, एमआरआय करता येत नाही आणि वर्षभरात काढावेच लागतात.’ हा मेसेज जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय.

तापण्याचं आधी उरकू. भुसावळचा पारा 45 वर गेला तरी शरीर आतून 37 अंशांच्या आसपासच राहतं, आणि स्क्रूही. हे स्क्रू बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूचे. लोखंडासारखा गंज त्यांना चढत नाही. एमआरआयही बहुतेकदा होतो, फक्त स्क्रू आहेत हे आधी सांगायचं. धातूभोवतीचं चित्र मात्र फिसकटतं, म्हणून स्क्रूची जागा पाहायला सीटी स्कॅन बरा.

‘काढावेच लागतात’ हेही खोटं. या ऑपरेशनमध्ये दोन मणके एकमेकांना कायमचे जोडतात, आणि त्यांचं हाड जुळायला साधारण 6 ते 12 महिने लागतात. तोवर त्यांना धरून ठेवणं एवढंच स्क्रूचं काम. पुढे त्रास नसेल तर ते आतच राहू देतात.

खरी भीती मेसेजमध्ये नाहीच. हाड जुळलं नाही तर रोजच्या हालचालीचा सगळा ताण धातूवर येतो. स्क्रू ढिला होतो, कधी स्क्रूंना जोडणारी धातूची सळई, म्हणजे रॉडच तुटतो. एक्स-रेत ढिल्या स्क्रूभोवती काळी कड दिसते. कारणं ओळखीचीच: ठिसूळ हाडं, न आवरलेली शुगर आणि तंबाखू. निकोटिनमुळे हाडाचा रक्तपुरवठा घटतो. बिडी सोडली पण चुना-तंबाखू चालूच, याला सोडणं म्हणत नाहीत भाऊ! रावेर-यावलकडे केळीचा घड सहज 20-25 किलो भरतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तो खांद्यावर घ्यायचा नाही.

दुखणं कधी सुरू झालं, ते नीट सांगा. ऑपरेशननंतर लगेच पायात नवी कळ आली किंवा पाऊल उचलेना, तर स्क्रू नसेला लागत असू शकतो. त्याच दिवशी कळवा. काही महिने बरं वाटून उठता-बसता कंबर पुन्हा धरली, तर ढिला स्क्रू तपासायला हवा. टाक्यांतून पाणी किंवा पू आला, ताप आला, तर मेडिकलवरून गोळ्या आणून खाऊ नका. अँटिबायोटिक आधीच पोटात गेलं की पू तपासूनही जंतू सापडेनासे होतात. लघवी अडकली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठा.

आणि डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचे, म्हणजे आत बसवलेल्या स्क्रू-रॉडचे स्टिकर लावून घ्या. कंपनी आणि माप त्यावर असतं. स्क्रू बदलायची वेळ आलीच तर त्याच्या डोक्यात बसणारा नेमका पाना त्यावरूनच मागवतात.