‘आपोआप’ कसलं?

‘विकिपीडियावर लेख लिहायला दिला की विद्यार्थी आपोआप संदर्भ शोधायला शिकतात’, या वाक्याला मी अडखळले. आपोआप काही होत नाही हो! इथे बडोद्यात माझ्या वर्गातल्या दोघींनी सयाजीराव महाराजांच्या सक्तीच्या शिक्षणावर लिहायला घेतलं. एकीनं लिहिलं १८९३, दुसरीनं १९०६. आठवडाभर एकमेकींचं साल खोडत बसल्या. शेवटी हंसा मेहता ग्रंथालयात पिटाळलं, तेव्हा उलगडा झाला: १८९३ ला अमरेलीत प्रयोग, १९०६ ला सबंध संस्थानात लागू. म्हणजे दोन्ही सालं बरोबर, वाक्यं अर्धवट!

आणि ‘आजोबांनी सांगितलंय’ हा संदर्भ विकिपीडियावर चालत नाही, कुठेतरी प्रसिद्ध झालेलं काहीतरी दाखवावं लागतं, हे पटवण्यात अख्खा तास गेला. (आजोबा बिचारे बरोबरच होते.)