भारतात जन्म घ्यायचा बेत असेल तर

आधी आजोबा नीट निवडा. सातबारावाले बघा. तसे नाही मिळाले तर निदान चौथी पास तरी. पालात जन्मलेले, गाढवांवर संसार लादून या खाणीवरून त्या खाणीवर हिंडणारे वडार आजोबा चुकूनही घेऊ नका. आमच्या सोसायटीची दगडी भिंत बांधणाऱ्या मामांनी नेमकी हीच चूक केली. लेकीच्या कॉलेजसाठी जातीचा दाखला हवा म्हणून गेल्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर तिसऱ्यांदा सेतूच्या रांगेत होतो.

नाव एकदाच ठेवा. आधारवर हनुमंत आणि रेशनकार्डावर हणमंत म्हणजे दोन माणसं, दोघंही संशयित.

झेरॉक्स पाच न्या. सहावी मागतील.

आता तारीख पाठ करा: २१ नोव्हेंबर १९६१. विमुक्त-भटक्यांनी (वडार त्यातलेच) त्याआधी महाराष्ट्रात राहत असल्याचा कागद दाखवायचा. आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा चालेल, कोतवाल बुकातली नोंद चालेल. ज्यांचं पाल गाव वेशीबाहेरही टिकू देत नव्हतं, त्यांच्या बाळंतपणाची नोंद कोतवाल कुठून करणार? त्यातल्या त्यात नशीबवान ते, ज्यांच्या पणजोबांना इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवून सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड कोंडलं. त्यांची हजेरी तरी लागत होती! ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला. म्हणजे चोर म्हणून सरकारला ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या पाठ होती. इथले रहिवासी म्हणून मात्र ओळख पटत नाही!

एवढं जमत नसेल तर सरळ अमेरिकेचे नागरिक व्हा. माझा मावसभाऊ झालाय. ओसीआय कार्डावर वाटेल तेव्हा येतो, चार महिने राहतो. मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही, एवढंच काय ते दुःख.

आणि हो, बोटं जपा. मामांचा अंगठा मशीनवर उमटेना. चाळीस वर्षं छिन्नी-हातोडा धरून रेषाच गेल्यात. खिडकीतला साहेब मान वर न करता म्हणाला, "हात धुऊन या."

मामा गेले. धुऊन आले. मशीन पुन्हा लाल.

धुतल्यानं रेषा उगवतात का हो? याच खिडकीवर मी डोमिसाईल काढायला आलो, तेव्हा मला खुर्ची दिली होतीत. माझे आजोबा कुठले, हे विचारलं होतं का? नाही, कारण आडनाव वाचलंत आणि पटलं. कागद नाही म्हणता, तर वस्तीवर जा, चार म्हाताऱ्यांशी बोला, पंचनामा करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पगार त्याचाच घेता ना? मामांची तीन दिवसांची मजुरी बुडाली, ती कोण भरून देणार?