दर पॅकेटला मोबदला दिला की झालं?

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: टॉवर बंद असताना एका मोबाइलनं दुसऱ्याचं पॅकेट (म्हणजे निरोपाचा डेटा-तुकडा) पुढे न्यायचं, त्यासाठी शेजाऱ्यावर नजर ठेवायची, त्याची पत ठरवायची, हा सगळा फापटपसारा आहे. स्वतःची बॅटरी जाळून फुकट कोण राबेल? दर पॅकेटला मोबदला द्या, विषय संपला.

फुकट कोणी राबणार नाही, हे कबूल. पण मोबदल्यानं विषय संपत नाही. बुत्यान आणि ह्युबो या संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेला हिशेब अगदी तुमच्यासारखाच आहे: दुसऱ्याचं पॅकेट पुढे दिलं की एक जमा, स्वतःचं पाठवताना वाटेत जेवढे मोबाइल तेवढे वजा.

आता हा हिशेब आपल्या नागपुरात लावून बघा. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि लोकांच्या घरांत पाणी शिरलं. अशा वेळी वस्तीच्या पार टोकाच्या घरातला मोबाइल घ्या. तो टोकाला, म्हणून कोणाचंच पॅकेट त्याच्यावरून जात नाही, जमा शून्य. मदत मागायला मात्र तीन मोबाइल ओलांडायचे, वजा तीन. आणायचे कुठून? वस्तीच्या मधोमध असलेल्याकडे जमेची रास पडलेली, आणि त्याला कोणाला काही कळवायचंच नाही. शिवाय हा जमाखर्च ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये राहणार, म्हणजे आकडा कोणी वाढवू नये म्हणून छेडता न येणारी चिप हवी. ती सगळ्यांच्या हँडसेटमध्ये बसवणार कोण?

नजर ठेवण्यावरचा तुमचा राग मात्र अगदीच अनाठायी नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००० मध्ये ‘वॉचडॉग’ मांडला. मी तुम्हाला पॅकेट दिलं की त्याची नक्कल जवळ ठेवतो आणि तुम्ही ते पुढे पाठवताय का, हे कान देऊन ऐकतो. ऐकू आलं तर नक्कल पुसतो, नाही आलं तर तुमच्या नावावर एक चूक. गोची अशी की त्याच क्षणी तिसराच कोणी बोलला, तर दोन्ही सिग्नल माझ्यापाशी एकमेकांवर आदळतात. तुम्ही इमानदारीनं पाठवलेलं असतं, बदनामी मात्र तुमची. म्हणून एका चुकीवर कोणाला वाळीत टाकत नाहीत, ठरावीक मर्यादा ओलांडावी लागते. त्यांच्या सिम्युलेशनमध्ये ४० टक्के नोड (म्हणजे जाळ्यातली उपकरणं) दगाबाज असतानाही, दगाबाजांना टाळून वाट काढल्यामुळे थ्रूपुट, म्हणजे प्रत्यक्ष पोचणारा डेटा, १७ टक्क्यांनी वाढलं. गंमत म्हणजे यात कामचुकाराला आरामच मिळतो: त्याच्यावरून कोणी जात नाही, त्याची पॅकेटं मात्र सगळे वाहतात! पुढच्या पद्धतींनी त्याची स्वतःची पॅकेटं अडवायला सुरुवात केली. त्यातली २००२ ची ‘कोअर’ मला पटते. इतरांनी केलेली तारीफ ती ऐकते, चुगली ऐकत नाही. वाईट मत स्वतः पाहिल्यावरच बनवते. संगनमतानं एकमेकांची वाहवा करणारे तिला फसवू शकतात, तरी खोट्या तक्रारींपेक्षा ते परवडलं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की मोबदला खुशाल ठेवा, पण फोटो-व्हिडिओंसाठी. ‘पाणी घरात शिरलंय’ एवढा निरोप खातं न बघता पुढे गेला पाहिजे, आणि तो कोण अडवतोय हे कळायला शेजाऱ्याचे कान लागतीलच. राहिली बॅटरी. ती संपत आली की नकार द्यायची मुभा हवीच, फक्त तसं आधी जाहीर करावं. सांगून थांबणाऱ्याच्या नावावर चूक लावायची नाही. पॅकेट घेऊन गुपचूप टाकून देणाऱ्याच्या नावावर लावायची.