मुलगी कितवीला?

माझं वय 47, मला एकच मुलगा आहे आणि माझी मुलगी यंदा बारावीला आहे.

हा घोळ आमच्या सोलापुरातल्या नवी पेठेत, एका पुस्तकवाल्यापाशी सुरू झाला. तीन वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे एक जाडजूड इंग्रजी कादंबरी मागितली. मुखपृष्ठावर सोळा-सतरा वर्षांची पोरगी, हातात सुरा, मागं पौर्णिमा आणि एक लांडगा. त्यानं पुस्तकाकडं पाहिलं, माझ्या पांढऱ्या बटेकडं पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या मेथीच्या पेंडीकडं पाहिलं आणि अगदी आपुलकीनं विचारलं, "मुलगी कितवीला आहे, ताई?"

"मलाच वाचायचंय" एवढे दोन शब्द होते. नाही फुटले तोंडातून. म्हणाले, "नववीला."

पुढच्या वर्षी दुसऱ्या भागासाठी गेले. (या पुस्तकांना तीन भाग असतातच. पहिला संपतो तेव्हा नायिका कड्यावरून लोंबकळत असते, आणि दुसरा संपतो तेव्हा तिच्या जागी नायक.) तो म्हणाला, "दहावी ना यंदा? मग हे कशाला?" आणि सराव प्रश्नसंच माझ्या गळ्यात मारला. मी पैसे मोजून घेतला. दुसरा भाग मिळाला थेट जूनमध्ये, तोही निकाल सांगितल्यावर. "82 टक्के," मी म्हणाले. त्याचा चेहरा जरासा पडला. घरी येईपर्यंत मलाही वाईट वाटत होतं. सांगायचेच होते तर 90 सांगायला माझं काय जात होतं?

घरात वेगळीच तऱ्हा. "किशोरांची पुस्तकं वाचतेस या वयात," असं नवरा म्हणाला, तेव्हा मी आकडाच काढला. अमेरिकेत 2012 साली एक पाहणी झाली होती. 12 ते 17 वयाच्या मुलांसाठी म्हणून छापलेल्या पुस्तकांचे 55 टक्के खरेदीदार 18 वर्षांच्या पुढचे निघाले.

"पोरांसाठी घेत असतील की," हे म्हणाले.

त्याचीही तयारी होती. त्या मोठ्यांनी सांगितलं होतं, 78 टक्के वेळा स्वतःलाच वाचायला घेतो. हे गप्प बसले आणि मग म्हणाले, "तिकडच्या बायका खरं सांगतात, एवढं दिसतंय."

मला ही पुस्तकं का आवडतात ते सांगते. वजनदार कादंबऱ्या मीही वाचल्यात. दीडशे पानं झाली तरी गृहस्थ खिडकीतून पावसाकडं बघतच असतो. इथं दहाव्या पानापर्यंत आई मेलेली असते, पाठीमागं सैतान लागलेला असतो आणि भिंतीत दार उघडलेलं असतं. सगळं घडतं आपल्यासारख्याच गावात, सिग्नल आणि पार्किंगच्या भानगडीत. फक्त बाकीच्यांना ते दिसत नाही. तक्रार एकच. भिंतीतलं दार उघडतं ते बहुतेक लंडन नाहीतर न्यूयॉर्कमध्ये. सोलापुरात कधीच नाही. रक्तपिपासूंना इथं जमायचंही नाही म्हणा. मे महिन्यात 44 डिग्रीत त्यांना मारायला वेगळा खुंटा लागणार नाही. शिवाय त्यांना लसणाचं वावडं, आणि आमच्याकडं शेंगाचटणी भाकरीशीच काय, पुस्तकाशीही खाल्ली जाते. माझ्या पहिल्या भागाच्या 212व्या पानावर, तो नायिकेच्या मानेवर वाकतो बरोब्बर तिथं, चटणीचं तेलकट बोट उमटलंय. पुढच्या पानावर तो तिला सोडून निघून जातो. लेखिकेनं कारण काहीही दिलेलं असो.

पण खरी परीक्षा पाण्याच्या रात्री. उजनी धरणापासून शंभरावर किलोमीटर येऊन ते पाणी आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी पोचतं, ते नेमकं रात्री दोनला. मी आणि सासूबाई उठतो. आधी हौद, मग बॅरल, मग घागरी, शेवटी पातेली. मी एका हातात पाइप आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून उभी. एकदा नायिका शत्रूच्या तळघरात शिरली आणि मी तिच्यामागोमाग. भानावर आले ते पायाला गार लागल्यावर. बॅरल कधीच भरून पाणी जिन्यावरून खाली निघालं होतं. पाच दिवसांचं पाणी! खालच्या काकू ओरडल्या, "कोण झोपलंय बे वर?"

त्या रात्रीपासून सासूबाईंनी पुस्तक बंद केलं. मोठ्यानं सांग म्हणाल्या, म्हणजे डोळे तरी बॅरलवर राहतील.

मी सांगायला लागले. एक पोरगी आहे, तिला जे दिसतं ते बाकीच्यांना दिसत नाही.

"अंगात येतं म्हण की सरळ."

मग एक मुलगा येतो. दिसतो सतराचा, पण आहे तीनशे वर्षांचा. तिच्याच वर्गात, अकरावीत.

"तीनशे वर्षं अकरावीतच? नापास होतोय काय सारखा?"

मी चिडले. म्हटलं, आई, जादू आहे ती. नेहमीच्या शहरात जादू, हेच तर नवल.

"त्यात कसलं आलंय नवल?" सासूबाई घागर सरकवत म्हणाल्या. आणि त्यांनी जे ऐकवलं ते मी लहानपणापासून बघत आलेय. आमचे ग्रामदैवत, बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, यांच्यावर एका कुंभारकन्येचा जीव जडला. ते पडले योगी, म्हणून तिचं लग्न लागलं त्यांच्या योगदंडाशी. ते लग्न आम्ही अजून दर संक्रांतीला लावतो. गावाभोवती 68 लिंगं. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंचच्या उंच काठीचे ध्वज तोलत मिरवणुकीनं निघतात. पहिल्या दिवशी लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यापाशी अक्षता. "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" झालं की लाखो हात वर जातात. त्यात शेजारचे बँकवाले काका असतात, मुलाचे गणिताचे सर असतात. आणि सण आटोपला की सगळे कामावर.

"काठीचं लग्न लावणारं गाव आपलं," सासूबाई म्हणाल्या. "बॅरल भरला बघ. पुढं सांग."

दुसरा भाग चार पाण्यांत संपला. नायक कड्यावर लोंबकळतच राहिला.

परवा तिळगुळाचं सामान घ्यायला आम्ही दोघी नवी पेठेत गेलो. मी पुस्तकाच्या दुकानावरून मान खाली घालून चालले होते, पण हाक आलीच. "ताई! आजींना पण आणलंय! नातीची बारावी ना, आजी?"

माझे पाय तिथंच गोठले. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग दुकानात पाहिलं. कपाटात तिसरा भाग होता; लांडगा त्यांनी लांबूनच ओळखला.

"हां, बारावी," त्या म्हणाल्या. "ते पुस्तक काढ."

"परीक्षा होऊ दे की, आजी. मार्चनंतर देतो."

"मार्चपर्यंत माझा काय भरवसा? ते पोरगं अकरावी पास होतंय का, तेवढं बघून जाऊ दे मला."

"कुठलं पोरगं?"

"हिच्या वर्गातलं. तीनशे वर्षांचं आहे."

पुस्तकवाल्यानं मुकाट्यानं पुस्तक पिशवीत घातलं. पिशवीचे पैसेही लावले नाहीत.