हिऱ्यावर हातोडा मारण्याआधी

'हिऱ्याची अंगठी घेताना फसू नका' हा फॉरवर्ड काल ताईने घरच्या ग्रुपवर टाकला. मला तो चौथ्यांदा आला. सोडून दिला असता, पण खाली भाच्याने लिहिलं, "मग मावशी, ऐंशी हजारांत नकोच. पर्सनल लोन काढतो." साखरपुडा महिन्यावर आलाय, म्हणून बोलते.

सगळ्यात भयंकर मुद्दा आधी. "खरा हिरा हातोड्याने फुटत नाही, लॅबमध्ये बनवलेल्याचा चुरा होतो. घरीच करून बघा." आणि साक्षीला थेट तुकोबा, 'हिरा ठेविता ऐरणी'! अहो, तुकोबा माणसाची पारख सांगत होते, अंगठीची नाही. हिरा कठीण म्हणजे त्यावर सहसा ओरखडा उठत नाही. घाव सोसणं ही निराळीच गोष्ट. त्याच्या स्फटिकात ठरावीक दिशा असतात, त्या दिशेने ठोका बसला की तो सरळ चिरतो. हिरे फोडणारे कारागीर याच गुणावर पोट भरत आले. कलिनन हा ३१०६ कॅरेटचा (कॅरेट हे इथे वजनाचं माप) कच्चा हिरा १९०८ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये असाच फोडला. आधी खाच पाडली, तिच्यात पोलादी पातं धरलं आणि वरून घाव. मुठीएवढा दगड दुभंगला, तिथे तुमच्या अर्ध्या कॅरेटची काय कथा? शिवाय लॅबमधला हिराही कार्बनचाच, रचना तीच. फुटायचे तर दोन्ही फुटतील. या चाचणीतून एवढंच कळेल की कालपर्यंत घरात हिरा होता. नैसर्गिक की लॅबचा, हे प्रयोगशाळेतली यंत्रं सांगतात. दुकानातला साधा पेनासारखा टेस्टर दोघांनाही हिराच म्हणतो.

"तीन महिन्यांचा पगार घालायचा, ही परंपराच आहे." कुणाची? आमच्या आईला साखरपुड्यात साडी आणि साखरेचा पुडा मिळाला होता. हा पगाराचा हिशेब डी बिअर्स या हिरे विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींतला. १९८०च्या दशकात अमेरिकेत तिने दोन महिने सांगितले, जपानमध्ये तीन. विकणाऱ्यानेच आकडा ठरवला आणि आपण त्याला परंपरा म्हणतो!

"व्हीव्हीएसच घ्या." व्हीव्हीएस म्हणजे आतले डाग जवळजवळ न दिसणारी प्रत, आणि ती दहापट भिंगाखाली ठरते. सासूबाई भिंग घेऊन बसणार नसतील तर तिच्या खालची व्हीएस पुरे. ते पैसे चांगल्या कटला, म्हणजे पैलू नीट पाडलेल्या हिऱ्याला घाल, चमक तिथून येते. आणि एक कॅरेटचा हट्टही नको. नव्वद सेंटचा (०.९ कॅरेटचा) हिरा बोटावर जवळपास तेवढाच दिसतो.



"लॅबचा हिरा विकायला गेलात तर काही मिळत नाही." हे मात्र बरंचसं खरं आहे, मान्य. पण म्हणून नैसर्गिक हिरा गुंतवणूक ठरत नाही. त्याला सोन्यासारखा रोजचा भाव नसतो, आणि मोडायला गेलात की घट बसतेच. सर्टिफिकेट घ्या म्हणतात, तेही बरोबर. अंगठीवरचा हॉलमार्क सोन्याचा असतो, हिऱ्याचा नाही.

लोनचा अर्ज भरू नकोस रे. शनिवारी सराफाकडे मी येते. बिलावर सोन्याचं वजन, हिऱ्याचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घेऊ. आणि ताई, तू खलबत्ता बाहेर काढू नकोस.