गुटगुटीत म्हणून खूश होण्याआधी

जन्मतः जास्त वजनाच्या बाळांवरच्या तुमच्या लेखात वजन 4 किलोच्या वर जाण्याची कारणं देताना आईचा लठ्ठपणा, आधीचं बाळ मोठं असणं, तारीख उलटून जाणं हे सगळं आलंय. पण गरोदरपणात रक्तात वाढणाऱ्या साखरेला फक्त एक ओळ? हे काही पटलं नाही.

माझी धाकटी 4 किलो 150 ग्रॅमची. काट्यावरचा आकडा ऐकून सासूबाई खूश, "कशी गुटगुटीत आहे बघा!" आणि तासाभरात तिची साखर उतरली. दर थोड्या वेळाने टाचेला टोचून रक्त तपासत होते, एवढ्याशा टाचेवर कापसाचा बोळा. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं, की आईची साखर वारेतून (प्लासेंटातून) बाळाकडे जाते, साखर खाली आणणारं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं, चरबी साठते, खांदे रुंद होतात. नाळ कापली की आईकडून येणारी साखर बंद, बाळाचं इन्सुलिन मात्र तेवढंच!

मला कसलाही त्रास नव्हता. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यायचं, 140 किंवा वर आलं की उपचार सुरू, इतकी साधी तपासणी. सुरुवातीची नॉर्मल आली म्हणून 24 ते 28 आठवड्यांतली मीच टाळली (त्या गोडमिट्ट पाण्याने मळमळतं हो). वर "दोन जिवांची आहेस" म्हणून रोज वाटीभर शिरा.

लेक आता सात वर्षांची, अगदी काटकुळी. साखर मी दरवर्षी तपासते ती माझी.