‘४९ए’खाली मत मिळत नाही: मुलांना मतदानाचे चुकीचे धडे देणाऱ्या संदेशाला उत्तर

माझी भाची इंदूरच्या एका शाळेत सातवीत शिकते. ‘मतदार कोण होऊ शकतो’ या विषयावर तिला वर्गासाठी तक्ता करायचा होता. तिने त्यावर सुवाच्य अक्षरांत उतरवलेले पाचही मुद्दे आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणाऱ्या एका संदेशातून घेतलेले होते. ‘शाळेत नको, घरीच मुलांना हे पाच मुद्दे शिकवा’ असे त्याचे शीर्षक आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत मतदानाविषयी शिकवणे म्हणजे शाळेत राजकारण आणणे आहे, असा पहिला मुद्दा. अठरा वर्षे पूर्ण होताच आधारवरून नाव मतदार यादीत आपोआप चढते, असा दुसरा. यादीत नाव नसले तरी आधार किंवा मतदार ओळखपत्र दाखवून ‘कलम ४९ए’खाली ‘चॅलेंज व्होट’ मागता येते, हा तिसरा. आपल्या नावावर कुणी मत देऊन गेले असेल तर ‘टेंडर व्होट’ मागावे आणि अशी मते चौदा टक्क्यांहून अधिक झाली की त्या केंद्रावर फेरमतदान होते, हा चौथा. दोन गावी घरे असतील तर दोन्हीकडे नाव ठेवता येते, मत मात्र एकदाच द्यावे, हा पाचवा. गटातल्या वडीलधाऱ्यांनी ‘उपयुक्त माहिती’ म्हणून तो पुढे पाठवला आणि मुलांनी तो खरा मानला. मी स्वतः शिक्षिका आहे आणि निवडणुकीच्या कामावर गेलेली आहे, त्यामुळे याला गटावरच दोन ओळींचे उत्तर देऊन थांबणे मला शक्य झाले नाही.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण सर्वांत अधिक नुकसान तोच करतो. हा मजकूर गेल्या अनेक निवडणुकांत निरनिराळ्या भाषांत फिरलेला आहे आणि तो वेळोवेळी खोटा ठरवला गेला आहे. ‘निवडणूक संचालन नियम, १९६१’ कुणालाही उघडून वाचता येतात. त्यातला नियम ४९ए मतदान यंत्राच्या रचनेविषयी आहे. यंत्राला एक नियंत्रण युनिट आणि एक मतदान युनिट असावे व त्याची रचना निवडणूक आयोगाने मान्य केलेली असावी, असे तो सांगतो. त्यात मतदाराचा उल्लेखही नाही. ‘चॅलेंज’ची तरतूद नियम ४९जेमध्ये आहे आणि ती संदेशात लिहिले आहे त्याच्या नेमकी उलट आहे. केंद्रात बसलेला उमेदवाराचा प्रतिनिधी दोन रुपये अनामत भरून, समोर उभी असलेली व्यक्ती यादीतली खरी व्यक्ती नव्हे, असा आक्षेप घेऊ शकतो. मग केंद्राचा प्रमुख असलेला पीठासीन अधिकारी त्या व्यक्तीला तोतयेगिरीच्या शिक्षेची जाणीव देतो, यादीतली नोंद वाचून दाखवतो, प्रश्न विचारतो आणि निर्णय देतो. आक्षेप सिद्ध झाला नाही तर तिला मतदान करू दिले जाते, सिद्ध झाला तर रोखले जाते. म्हणजे ही तरतूद यादीत नाव असलेल्या माणसाच्या ओळखीची शहानिशा करण्यासाठी आहे. यादीत नाव नसलेल्याला आत घेण्याचा कोणताही मार्ग तिच्यातून निघत नाही.

याच्या मुळाशी असलेली गोष्ट लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१च्या कलम ६२मध्ये आहे: ज्याचे नाव त्या वेळी मतदार यादीत नाही, त्याला मतदानाचा हक्क नाही. ओळखपत्र हातात असणे आणि यादीत नाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मतदार होण्याविषयी बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी हीच सांगेन. संदेशात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते: आधार दाखवून मत देता येते. मतदार ओळखपत्र हाताशी नसेल तर आयोगाने मान्य केलेल्या पर्यायी कागदपत्रांत आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, पॅन कार्ड, छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक ही सगळी चालतात. पण ती ओळख पटवण्यासाठी चालतात, तीही यादीत नाव असेल तरच. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधार अधिनियमाच्या नवव्या कलमातच म्हटलेले आहे, आणि मतदार होण्याची पहिली अट भारताचे नागरिक असणे हीच आहे.

नोव्हेंबर २०२३च्या विधानसभा निवडणुकीत मी ज्या केंद्रावर होते तिथे एक वयस्क गृहस्थ हाच संदेश फोनवर उघडून टेबलासमोर उभे राहिले. शहरातच एका वस्तीतून दुसरीकडे राहायला गेल्यावर त्यांनी पत्ता बदलाचा अर्ज भरलेला नव्हता, त्यामुळे त्यांचे नाव जुन्या पत्त्याच्या यादीतच होते. प्रथम मतदान अधिकाऱ्याने यादीच्या चिन्हांकित प्रतीत भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दोनदा तपासले. पीठासीन अधिकाऱ्यांनी त्यांना जुन्या केंद्रावर जाण्यास सांगितले आणि तिथे त्यांना मत देता आले असते. परंतु ‘४९ए माझा हक्क आहे’ असा त्यांचा आग्रह होता आणि त्यांच्यामागची रांग तोवर खोळंबली होती. ते रागावून बाहेर गेले आणि सहा वाजता मतदान संपेपर्यंत बाहेरच्या मंडपात बसून कुणाला तरी फोन करत राहिले. त्यांचे मत बुडाले ते या संदेशामुळे. भाचीच्या तक्त्यावर तीच ओळ पाहिल्यावर मला संताप आला, तो यासाठी.

चौथ्या मुद्द्याचा पूर्वार्ध खरा आहे आणि उत्तरार्ध मनगढंत आहे. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेले असेल, तर पीठासीन अधिकाऱ्याच्या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे दिल्यावर नियम ४९पीनुसार मत देता येते. परंतु ते यंत्रावर दिले जात नाही. त्यासाठी कागदी मतपत्रिका मिळते, त्या मतदाराची नोंद नमुना १७बीमध्ये होऊन त्याची सही घेतली जाते आणि ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात बंद होते. मतमोजणीच्या दिवशी ती मोजली जात नाही. निवडणूक याचिका झाली तर न्यायालयात तिचा विचार होऊ शकतो. राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात २००८ साली काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने पराभूत झाले, तेव्हा अशाच मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. चौदा टक्क्यांचा नियम मात्र कुठल्याही कायद्यात नाही. फेरमतदानाची कारणे १९५१च्या अधिनियमातील कलम ५८ आणि ५८एमध्ये दिलेली आहेत: यंत्र पळवणे, नष्ट होणे वा बिघडणे, मतदान दूषित होईल अशी प्रक्रियेतली गंभीर चूक, केंद्र बळकावणे. शिवाय या कामासाठी केंद्रावर साधारणपणे वीसच मतपत्रिका दिलेल्या असतात. आठशे लोकांनी मतदान केले असेल तर त्याचे चौदा टक्के एकशे बारा होतात. हा हिशोब सातवीतले मूलही करू शकते आणि संदेश पुढे पाठवण्यापूर्वी मोठ्यांनीही तो करायला हवा होता.

दुसऱ्या मुद्द्यातले ‘आपोआप’ घरोघरी इतके रुजले आहे की पुष्कळ तरुण पहिल्या निवडणुकीला मुकतात. नाव आपोआप चढत नाही. नाव नोंदणीच्या अर्जाचा नमुना ६ भरावा लागतो, त्यावर बीएलओ म्हणजे मतदान केंद्र स्तरावरचा अधिकारी चौकशी करतो आणि मग मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतो. वयाची अट एकवीसवरून अठरावर आली ती एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने, मार्च १९८९मध्ये. मात्र अठरा पूर्ण झाले की नाही हे ज्या तारखेला पाहायचे, ती अर्हता तारीख वर्षानुवर्षे फक्त १ जानेवारी होती. २०२१च्या कायदादुरुस्तीनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या, आणि २०२२पासून सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. ही माहिती मुलांना रुक्ष वाटते असे म्हणणाऱ्यांनी एकदा वर्गात फळ्यावर हे गणित मांडून पाहावे. ३ एप्रिल २०१३ रोजी जन्मलेल्या मुलीला अठरा पूर्ण होतील ३ एप्रिल २०३१ला. १ एप्रिल दोन दिवसांनी हुकला, म्हणून तिची अर्हता तारीख १ जुलै २०३१. जुना नियम असता तर तिला १ जानेवारी २०३२पर्यंत थांबावे लागले असते. हे एक उदाहरण सोडवून दाखवले की वर्गातले प्रत्येक मूल आपापल्या जन्मतारखेचे गणित करू लागते. मग लगेच प्रश्न येतो की आमदार किती वर्षांचा असताना होता येते. त्याचे उत्तर पंचवीस.

पाचवा मुद्दा आपल्या इंदूरच्या मराठी घरांना विशेष लागू आहे, कारण मुलगा पुण्याला नोकरीला आणि आईवडील इथे, असे चित्र इथल्या गल्लोगल्ली आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५०ची कलमे १७ आणि १८ सांगतात की एका व्यक्तीचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा असू शकत नाही. मत एकदाच दिले तरी दुहेरी नोंद नियमबाह्यच राहते, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास कलम ३१खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसते घर मालकीचे असल्याने कुणी तिथला रहिवासी ठरत नाही आणि तात्पुरते बाहेरगावी गेल्याने रहिवास संपत नाही, हे कलम २०मध्ये स्पष्ट आहे. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याने गावाकडचा पत्ता निवडावा किंवा वसतिगृहाचा, पण एकच. नोव्हेंबर २०२५पासून मध्य प्रदेशात यादीचे विशेष सघन पुनरीक्षण झाले, तेव्हा घरोघरी गणना प्रपत्रे भरली गेली. तरीही हा मुद्दा आजही गटावर फिरतो आहे.

राहिला पहिला मुद्दा. मत कुणाला द्यावे हे वर्गात सांगितले तर ते राजकारण होईल आणि तसे करणाऱ्या शिक्षकाला मीही विरोध करीन. यादी कशी बनते, कोण पात्र आहे, आपला मतदारसंघ कोणता, हे नागरिकशास्त्र आहे. निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाशी केलेल्या सामंजस्य करारात मतदार शिक्षण सहावी ते बारावीच्या अभ्यासक्रमात आणण्याचेच ठरलेले आहे, त्यामुळे वय लहान असल्याचा आक्षेप तिथेच संपतो. महू इंदूर जिल्ह्यात असूनही लोकसभेसाठी धार मतदारसंघात मोडते, हे नकाशावर दाखवले की मतदारसंघ आणि जिल्हा एक नसतात, हे मुलांना एका तासात कळते.

ज्या शिक्षकांना हा विषय घ्यायचा आहे त्यांनी मुलांना घरचा एकच अभ्यास द्यावा. आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर किंवा १९५० या क्रमांकावर आईवडिलांचे नाव यादीत शोधून भाग क्रमांक आणि अनुक्रमांक वहीत लिहून आणायचा. नाव सापडले नाही तर नमुना ६, पत्ता जुना निघाला तर नमुना ८. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत नवे नाव घालता येत नाही, म्हणून हा अभ्यास निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता आताच द्यावा.